गटात वाचन घ्यायचंय? तिसरी-चौथीच्या नव्या शिक्षकांसाठी

तुम्ही मुंबईतल्या एखाद्या प्राथमिक शाळेत नुकतेच रुजू झाला असाल, तिसरी किंवा चौथीचा वर्ग हाती आला असेल, तर भाषेच्या तासाचं एक चित्र लवकरच ओळखीचं होईल. एक मूल उभं राहून धडा मोठ्याने वाचतं. बाकीची ओळीवर बोट ठेवून बसतात. मग स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर येतात, ती वहीत उतरतात आणि धडा ‘झाला’. त्यानंतर तुम्ही विचारता, “मग आजीने गाय का विकली नाही?” हात वर होतात तेच तिघांचे, रोजचे.

प्रशिक्षणात यावर ‘गटकार्य घ्या’ असं सांगतात. पण गट कसा पाडायचा, त्यातल्या कोणी काय करायचं, गोंधळ झाला तर काय, हे बहुतेकदा कोणी सांगत नाही. मी बरीच वर्षं मराठी माध्यमाच्या वर्गांत हे करत आले आहे. त्यातलं जे टिकलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. चार मुलं एका बाकाभोवती बसवली की सहकारी अध्ययन, म्हणजे एकमेकांच्या मदतीने शिकणं, होत नाही. त्याला दोन अटी लागतात. प्रत्येक मुलाकडे असं काहीतरी असलं पाहिजे, ज्याच्यावाचून इतर तिघांचं अडेल. आणि शेवटी तुम्ही गटातल्या कोणालाही उठवलं तरी त्याला सांगता आलं पाहिजे. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी अशा पाच अटी मांडल्या आहेत. बाकीच्या तीन म्हणजे समोरासमोर मदत करणं, एकत्र काम करण्याची कौशल्यं शिकवणं आणि गटाने आपलं काम कसं झालं हे मागे वळून पाहणं. या तिन्ही हळूहळू जमतात. पहिल्या दोन मात्र पहिल्या दिवसापासून हव्यात. त्या नसल्या की हुशार मूल लिहितं, दुसरं मान हलवतं आणि उरलेली दोघं खोडरबरशी खेळतात.

१. कोण कुठे वाचतंय ते आधी बघा

गट पाडण्याआधी प्रत्येक मुलाला जवळ बसवून वाचायला लावा. रोज पाच-सहा मुलं घेतली तर आठवड्या-दीड आठवड्यात वर्ग होतो. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट, यांपैकी मूल कुठवर पोचतं ते लिहून ठेवा. जोडाक्षरांपाशी कोण थबकतं तेही टिपा.

बहुतेक जण इथेच थांबतात, तुम्ही थांबू नका. प्रत्येक मुलाला आणखी एक छोटा उतारा तुम्ही स्वतः वाचून दाखवा आणि त्यावर दोन प्रश्न विचारा. वाचनाचं आकलन दोन गोष्टींवर उभं असतं, अक्षरं उलगडता येणं आणि भाषा समजणं. काही मुलं अडखळत वाचतात, पण ऐकलेलं झटकन समजून घेतात. काही घडाघडा वाचतात आणि काय वाचलं ते सांगू शकत नाहीत. या दुसऱ्या मुलांकडे आपलं लक्ष जात नाही, कारण वाचताना ती छान वाटतात. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला सुरू केलेल्या, पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, वाचता यावेत असं लक्ष्य आहे. शाळेत गती मोजली जाते आणि ‘समजून’ मागे पडतं. तुमच्या नोंदीत दोन्हींसाठी वेगळा रकाना ठेवा.

२. गट पाडा: चारांचे, मिसळलेले

वाचनाच्या पातळीप्रमाणे मुलांची उतरती यादी करा. पट ३६ असेल तर चारचे नऊ गट होतात. पहिल्या गटात यादीतला १, १८, १९ आणि ३६ वा. दुसऱ्यात २, १७, २०, ३५. असंच पुढे. त्यामुळे प्रत्येक गटात एक पक्कं वाचणारं, दोन मधली आणि एक मदत लागणारं मूल येतं.

ही यादी मुलांना कधीही दाखवायची नाही. भिंतीवर तर नाहीच.

मग यादीवर तुमचं डोकं चालवा. भांडणारी जोडी वेगळी करा. अगदी कमी बोलणारं मूल दोन बडबड्यांच्या मधे टाकू नका. चारने भाग जात नसेल तर एक ते तीन गट पाचचे करा आणि त्यात दोघांना मिळून एक काम द्या. तिघांचा गट शक्यतो टाळा, कारण मुंबईत गैरहजेरी मोठी असते. पावसाने गाड्या बंद पडल्या किंवा गणपतीला, शिमग्याला मुलं गावाला गेली की तीनचे दोन व्हायला वेळ लागत नाही.

गटांना नावं मुलांनाच ठेवू द्या. गट निदान सहा-सात आठवडे मोडू नका. रोज बदलणाऱ्या गटात कोणाला कोणाची सवयच लागत नाही.

३. साहित्य आणि जागा

फारसं काही लागत नाही:

- पाठ्यपुस्तक. जादा प्रत हवी असेल तर ई-बालभारतीवर पीडीएफ मिळते.
- पातळीनुसार छोट्या गोष्टी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत आणि छापून वापरायला परवानगी आहे.
- जाड कार्डशीटचे तुकडे, स्केचपेन, कार्डांवर चिकटवायला रुंद सेलोटेप. घामट हातांत साधं कार्ड आठवडाभरही टिकत नाही.
- प्रत्येक गटाला एक पाटी किंवा पाठकोरा कागद.
- घड्याळ, दिसेल असं.
- तुमची वाचन नोंदवही आणि टाचण (पाठाची लेखी आखणी).

जागेचं म्हणाल तर बाक हलत नसतील तर हलवू नका. पुढच्या बाकावरच्या दोघांना मागे तोंड करून बसवा, चारचा गट तयार. बाक हलतात तिथे हलवण्याचाही सराव घ्या, नाहीतर पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं सरकवासरकवीत जातात. दोन पाळ्यांच्या शाळेत दुपारच्या वर्गासाठी बाक पूर्ववत लावून जायचं असतं, हेही वेळेत धरा.

आवाज होणारच. शेजारच्या वर्गातल्या बाईंना किंवा सरांना आणि मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा. मुलांसाठी एकच खूण ठरवा. तुम्ही हात वर केला की ज्याला दिसेल त्याने हात वर करायचा आणि गप्प व्हायचं. ओरडून शांत करायला गेलात तर तुमचा आवाजही त्या गोंगाटात मिसळतो.

४. सुरुवात जोडीने करा

पहिले दोन-तीन आठवडे चारचा गट नकोच. प्रश्न विचारा, मुलांना मनात विचार करू द्या, मग शेजाऱ्याला सांगू द्या आणि शेवटी काही जोड्या वर्गाला सांगतील. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि ती कुठल्याही धड्यावर चालते.

यात अवघड काम तुमचंच असतं, ते म्हणजे थांबणं. मेरी बड रो या संशोधक बाईंनी शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून पाहिले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. मनात सावकाश पाच आकडे मोजा. वर्ग शांत असताना ते फार लांबलचक वाटतात, तरी मोजा.

वर्गाला सांगताना एक नियम ठेवा. आपलं नाही, शेजाऱ्याचं उत्तर सांगायचं. “ती म्हणाली की…” अशी सुरुवात. या एका नियमाने मुलं एकमेकांचं खरोखर ऐकायला लागतात.

जोडीतच आळीपाळीने वाचनही घ्या. पक्क्या वाचकाने परिच्छेद आधी वाचायचा आणि दुसऱ्याने तोच परत. दुसऱ्याला शब्द ओळखीचे झालेले असतात, त्यामुळे सगळ्यांसमोर अडखळण्याची भीती राहत नाही.

५. चार कार्डं

आकलनासाठी माझ्या अनुभवात सगळ्यांत उपयोगी पडलेली पद्धत ही. अ‍ॅनमरी पॅलिंक्सार आणि अ‍ॅन ब्राऊन यांनी १९८४ मध्ये ती मांडली. त्यांच्याकडची मुलं सातवीची होती, अक्षरं वाचता येणारी पण वाचलेलं न कळणारी. आपण ती तिसरी-चौथीत वापरतो, म्हणून जास्त सावकाश जायचं.

चार कार्डं करा आणि प्रत्येकावर काम सुरू करून देणारं अर्धं वाक्य लिहा:

- अंदाज: “पुढे … असेल, कारण …”
- प्रश्न: “… का?”, “… कसं?”
- अडलं: “… हा शब्द / ही ओळ कळली नाही.”
- थोडक्यात: “या भागात … सांगितलंय.”

एका मुलाला एक कार्ड. उतारा चार भागांत तोडायचा आणि प्रत्येक भागानंतर कार्डं उजवीकडे सरकवायची, म्हणजे तास संपेपर्यंत प्रत्येकाला प्रत्येक काम येतं.

कार्डं वाटण्याआधी चारही कामं तुम्ही स्वतः, मोठ्याने विचार करत, करून दाखवा. ही पायरी गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. एक काम एक आठवडा, असे चार आठवडे गेले तरी चालतील.

आमच्या वर्गात मी हा उतारा लिहून वापरते:

“मुंबईत विहार, तुळशी आणि पवई असे तलाव आहेत. विहार आणि तुळशीचं पाणी आपण पितो. पवईचं पाणी मात्र पिण्यासाठी वापरत नाहीत. एवढ्या मोठ्या शहराला दोन तलाव कसे पुरणार? म्हणून भातसा, तानसा आणि वैतरणेचं पाणी लांबून जलवाहिन्यांतून आणतात. ते आधी शुद्ध करतात आणि मग टाक्यांतून आपल्या नळाला सोडतात.”

‘अडलं’ कार्डवाल्याने विचारलं, जलवाहिनी म्हणजे काय. मुलं आधी माझ्याकडे बघतात. मी म्हणते, “गटात विचारा.” मग एक मुलगी म्हणाली, “आमच्या घरामागून तो मोठा काळा पाईप जातो ना, पोरं चढतात बघ, तोच असेल.” कोणी म्हणालं, तो गटाराचा असतो. मग पुन्हा ओळ वाचली गेली: ‘पाणी लांबून आणतात.’ गटारातून पिण्याचं पाणी कशाला आणतील, असा निकाल लागला. ‘गटात विचारा’ यापलीकडे मी एक शब्दही बोलले नव्हते. ओळीकडे परत जाऊन पुरावा शोधणं म्हणजेच आकलन, आणि ते मुलांनी आपापसात केलं.

‘प्रश्न’ कार्डवर आलं, “पवईचं पाणी का पीत नाहीत?” चौघांनी उतारा वरून खाली धुंडाळला. उत्तर तिथे नाहीच. हा क्षण सोन्यासारखा आहे, तो घाईने उत्तर देऊन घालवू नका. प्रश्न तीन प्रकारचे असतात हे मुलांना इथेच सांगा: एका ओळीत उत्तर सापडणारे, दोन-तीन ओळी जोडून उत्तर काढावे लागणारे आणि उताऱ्यात उत्तर नसलेले, जे कोणाला विचारून किंवा दुसरीकडे वाचून शोधायचे. आपल्या स्वाध्यायातले बरेच प्रश्न पहिल्या प्रकारचे असतात, म्हणून मुलांना दुसरा आणि तिसरा प्रकार माहीतच नसतो.

‘थोडक्यात’ कार्डवर हमखास घडतं ते हे की मूल सगळा उतारा पुन्हा वाचून दाखवतं. त्यावर उपाय साधा आहे. पुस्तक पालथं घालायला लावा आणि दोनच वाक्यं मागा.

‘अंदाज’ चुकला तर मुलं हिरमुसतात. त्यांना सांगा, अंदाज बरोबर आला का हे आपण बघतच नाही, ‘कारण’ दिलं का ते बघतो.

आणि भाषेबद्दल. गटात मालवणी, आगरी, हिंदी, जे तोंडात येईल ते बोलू द्या. मराठी माध्यमातही घरी मराठी न बोलणारी मुलं भरपूर आहेत. विचार घरच्या भाषेत आधी पक्का होतो. वर्गाला सांगताना मात्र मराठीत सांगायचं, आणि तेव्हा गटातला कोणीही शब्द पुरवू शकतो.

६. तुकड्यांची पद्धत

चार कार्डं अंगवळणी पडली की मगच इकडे या. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांसाठी ही पद्धत तयार केली. वंशावरून वेगवेगळ्या शाळांत वाढलेली मुलं तेव्हा प्रथमच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तेढ होती. एकमेकांची गरज पडली तर तेढ कमी होईल, हा त्यामागचा विचार.

मजकुराचे चार तुकडे करा. गटातल्या प्रत्येकाला एक तुकडा. सगळ्या गटांतले ‘पहिला तुकडा’वाले एकत्र बसून तो समजून घेतात, तसेच दुसरे, तिसरे, चौथे. नऊ गट असतील तर एका ठिकाणी नऊ मुलं होतात, ती चार-पाचांच्या दोन मंडळांत बसवा. मग सगळे आपापल्या मूळ गटात परत येतात आणि आपला तुकडा इतर तिघांना शिकवतात.

पाण्याच्याच विषयाचे चार तुकडे असे पडतात: शहरातले विहार आणि तुळशी (विहार १८६० मध्ये तयार झाला, हे मुलांना फार आवडतं), बाहेरचे पाच तलाव (भातसा, तानसा आणि वैतरणेवरचे तीन), भांडुपसारख्या केंद्रात होणारं शुद्धीकरण, आणि टाकीपासून नळापर्यंतचा प्रवास. परिसर अभ्यासाच्या धड्याला हे छान जुळतं.

गोष्टीला आणि कवितेला ही पद्धत लावू नका. गोष्टीचा तिसरा भाग पहिल्यावाचून कळत नाही आणि कविता फाडून वाचायची नसते. इथे माहितीपर मजकूरच हवा, आणि प्रत्येक तुकडा एकटा वाचला तरी अर्थ लागला पाहिजे.

अडखळत वाचणाऱ्या मुलाला सगळ्यांत छोटा तुकडा द्या, पण कमी महत्त्वाचा देऊ नका. त्याच्याकडची माहिती इतरांना खरोखर लागली पाहिजे. तुकडेवाल्यांच्या बैठकीत त्याच्या शेजारी तुम्ही स्वतः जाऊन बसा. मूळ गटात परतताना त्याच्या हातात दोन चित्रं किंवा तीन शब्द असू द्या, त्यांच्या आधाराने ते बोलू शकतं.

कोणी गैरहजर असेल तर त्याचा तुकडा तुम्ही सर्वांसमोर सांगून टाका. ऐनवेळी मुलं इकडून तिकडे हलवत बसू नका. आणि हे सगळं एका तासात बसवायचा हट्ट नको. आज तुकडेवाल्यांची बैठक, उद्या शिकवणं.

७. शेवटी कोणालाही उठवा

गटातल्या मुलांना १ ते ४ क्रमांक द्या. काम झालं की, “आता प्रत्येक गटातले तीन नंबर उभे राहा.” कोणता क्रमांक येणार हे आधी माहीत नसल्याने गट आपल्या कच्च्या गड्यालाही तयार करतो. स्पेन्सर केगन यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. दहा मिनिटांत होते आणि सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या अटीचं, म्हणजे कोणालाही उठवलं तरी सांगता येण्याचं, काम चोख करते.

आठवड्यातून एकदा चार-पाच प्रश्नांची चिठ्ठी प्रत्येकाने एकट्याने सोडवायची. गटाला शाबासकी द्यायची ती प्रत्येकाची मागच्या वेळेपेक्षा किती प्रगती झाली यावर. ३ वरून ५ वर गेलेलं मूल गटाला तेवढंच मिळवून देतं जेवढं ९ वरून १० वर गेलेलं, किंबहुना थोडं जास्तच. गटाला मिळून एकच गुण देऊ नका, त्यावरून पालकांची भांडणं होतात आणि त्यांचं म्हणणं रास्त असतं.

८. नेहमी घडणाऱ्या चार गोष्टी

*‘हुशार’ मूल सगळं करतं.* त्याच्यावर ओरडू नका. त्याला ‘प्रश्न’ कार्ड द्या आणि सांगा, या फेरीत तुझं काम फक्त विचारणं.

*एक मूल तोंडच उघडत नाही.* प्रत्येकाला तीन-तीन खडे द्या. बोललं की एक खडा मधे ठेवायचा, खडे संपले की ऐकायचं. सगळ्यांचे संपल्यावर नव्याने वाटप.

*“माझ्या मुलाचा वेळ दुसऱ्यांना शिकवण्यात जातो,”* असं पालक सांगायला येतात. त्यांना दारात उत्तर देऊ नका, एक तास वर्गात बसवा. दुसऱ्याला समजावताना आपल्याला किती कळलंय हे कसं उघडं पडतं ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

*अभ्यासक्रम मागे पडतो.* पहिल्या महिन्यात पडतोच. म्हणून प्रत्येक धडा गटात घेऊ नका. आठवड्यातले दोन तास पुरे, बाकी नेहमीसारखं शिकवा.

९. टाचण आणि नोंदी

टाचणात नुसतं ‘गटकार्य’ लिहू नका. अध्ययन निष्पत्ती (मुलांना शेवटी काय यायला हवं), उतारा, कोणती पद्धत, गटात प्रत्येकाचं काम आणि शेवटी वैयक्तिक तपासणी कशी केली, या पाच ओळी लिहा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना वर्गात गलका दिसतो, टाचणात त्याचं कारण दिसलं पाहिजे. मुलांनी पाट्यांवर लिहिलेल्या प्रश्नांचे फोटो तारखेसह ठेवा. जूनमधले प्रश्न आणि नोव्हेंबरमधले प्रश्न शेजारी ठेवले की प्रगती वेगळी सिद्ध करावी लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येकाचं वाचन आणि ऐकून समजणं पुन्हा तपासा, यादी नव्याने करा आणि गट बदला. पहिल्या सत्रात मदत लागणारं एखादं मूल आता मधल्या यादीत आलं असेल, त्याची जागा त्याप्रमाणे ठरवा. नव्या गटांना पुन्हा आठवडाभर जोडीकामच द्या आणि मग कार्डं काढा.